शिमग्याला बदललेलं ऑईल

आमच्या जीपमध्ये सिंथेटिक ऑईल टाकायचं की साधं, यावरून माझ्याशी वाद घातला नाही असा माणूस पोलादपूर तालुक्यात शोधावा लागेल. महाडचा गॅरेजवाला म्हणायचा, जुन्या इंजिनाला साधंच बरं, महागडं पाजून काय म्हातारी नाचणार आहे? पंपावरचा म्हणायचा, सिंथेटिकच घ्या, घाटात इंजिन कमी तापतं. आयुष्यात स्टिअरिंगला हात न लावलेली, मागच्या बाकावर दाटीवाटीने बसलेली माणसंसुद्धा मला सल्ले द्यायची. मी सगळ्यांचं ऐकायची आणि सिंथेटिक टाकायची.

त्याला कारण होतं. आमची वाडी उमरठच्याही वर, डोंगराच्या माथ्यावर. पहाटे दुधाचे कॅन घेऊन पहिली फेरी निघायची. थंडीत साधं ऑईल घट्ट होतं आणि चावी फिरवली की गाडी नुसती कण्हत बसते. सिंथेटिक पातळच राहतं, त्यामुळे पहिल्या चावीला गाडी उठायची. परत येताना माणसं, खताच्या गोण्या, गॅसचे सिलिंडर, कधी एखादी शेळी. एवढा भार घेऊन चढताना ते टिकायचंही. त्याचा तोटा मला ठाऊक होता. इंजिन जुनं, त्यामुळे पातळ ऑईल थोडं थोडं जळायचं, सकाळी निळसर धूर निघायचा आणि बॉनेटखाली टकटक चालायची. वाडीतल्या बायका ती टकटक ऐकूनच डोक्यावर पाटी घेऊन रस्त्यावर यायच्या. मला वेगळा हॉर्न वाजवावा लागत नसे.

ही जीप आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घेतली. माझं लग्न मोडलं आणि मी माहेरी परत आले, तेव्हा वाडीने तोंडाला पदर लावून जे बोलायचं ते बोलून घेतलं. आबांनी मात्र एक दिवस अंगणात मला हाक मारली आणि गाडीची चावी हातात दिली. "शिक," म्हणाले. खालच्या माळावर त्यांनीच मला शिकवलं. रोज सकाळी आधी ऑईलची पट्टी काढून बघायची, मग चावी लावायची, हेही त्यांचंच. आबा गेल्यावर मी मागच्या फाळक्यावर पिवळ्या रंगात 'आबांचा आशीर्वाद' असं लिहून घेतलं. गाडी कागदावर दादाच्या, माझ्या मोठ्या भावाच्या नावावर होती. कर्ज देणाऱ्याला मुंबईच्या नोकरीची पगाराची स्लिप लागते, डोंगरावरच्या बापाचा शब्द लागत नाही. पण त्या कागदाची आठवण आमच्या घरात कोणालाच होत नसे. निदान मला होत नसे.

दादा दरवर्षी शिमग्याला बायको-मुलांना घेऊन यायचा. आला की गाडीवरून माझी टिंगल ठरलेली. "ही खटारा अजून चालते? भंगारवाला फुकट तरी घेईल काय?" मीही सोडायची नाही. मुंबईत स्वतः दुसऱ्याच्या गाडीला लोंबकळतोस, म्हणायची.

यंदा तो आला आणि टिंगल केलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी चालू केली, तर हा चहाचा कप घेऊन बॉनेटजवळ उभा राहून ऐकत होता. धुराकडे बघितलं, वाकून खालचे डाग बघितले.

"कुठलं ऑईल टाकतेस गो?"

"सिंथेटिक."

"येडी हायस काय? जुन्या गाडीला जाडंच ऑईल लागतं. पातळ ऑईल टाकून आवाज वाढवलायस नुसता."

"आवाज करते, पण चढते ना? जाड ऑईल टाकलं की ओढणार नाय. तू चालवतोस काय ही?"

एरवी यावर तो भडकला असता. यंदा हसला. "बाय माझी, रोज मरमर मरतेस. एकदा भावाला काय करू दे की. चावी दे."

बाय माझी! किती वर्षांनी हे ऐकलं. मी विरघळले आणि चावी दिली. तो गाडी घेऊन एकटाच महाडला गेला आणि दुपारी परत आला, तेव्हा गाडी अंगणात येईपर्यंत मला कळलीच नाही. टकटक गायब. धूर नाही. वीस-पन्नासचं जाड ऑईल टाकलं, वर औषधाची एक बाटली ओतली, असं त्याने स्वतःच सांगितलं. आईने बॉनेटला हळदकुंकू लावून नारळ फोडला. मला तर काय करू आणि काय नको असं झालं. त्या आठवड्यात गाडीत जो बसेल त्याला मी सांगितलं, माझ्या भावाने काम केलं, बघा, आवाज आहे काय?

विकायच्या गाडीचा आवाज दाबायला तिला जाड ऑईल पाजतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. या धंद्यातल्या सगळ्यांना ते माहीत असतं. फक्त ते दुसऱ्याच्या गाडीबद्दल माहीत असतं. कापडे गावाच्या पुढे चढ लागला की गाडी जड वाटायची, तापमानाचा काटा वर जायचा, पहाटे चावीला ती पूर्वीसारखी उठायची नाही. कोणा परक्याने हे केलं असतं तर मी त्याच्या गॅरेजात जाऊन त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली असती. भावाने केलं म्हणून गप्प बसले. पट्टी काढून बघायचंसुद्धा सोडलं. आपल्या माणसाने प्रेमाने केलेल्या कामाची काय तपासणी करायची?

पालखी घरोघर फिरून देवळात बसली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "पाव्हणे येणार हायेत. जरा खाली फेरी मारून गाडी गरम करून ठेव." पाहुण्यांना कुठे न्यायचं असेल म्हणून मी उमरठपर्यंत जाऊन आले. वर गाडी पुसून ठेवली.

पाहुणा म्हणजे दासगावकडचा एक भाजीचा व्यापारी. पाणी प्यायला आणि घरात न बसता सरळ गाडीकडे गेला. टायर दाबले. गाडी चालू करायला लावली, मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, मग तो हात नाकाजवळ नेला.

तेव्हा मला कळलं. गाडी विकायला काढली होती. मी दादाकडे बघितलं, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. आमची डोंगरावरची माणसं बैल बाजारात न्यायच्या आधी त्याला पेंड चारतात, शिंगांना तेल लावतात. मीही लहानपणी लावलंय. म्हणजे आठवडाभर माझ्या हातून तेच चाललं होतं. नारळ काय, कौतुक काय, आणि आज गिऱ्हाइकासाठी गाडी गरम करून आणली तीही मीच. 'बाय माझी' म्हणत सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता.

"ऑईल किती खाते?" व्यापाऱ्याने विचारलं.

"थेंबभर नाय," दादा म्हणाला. "बहीणच चालवते, तिला विचारा. ती खोटं बोलायची नाय."

याचा मला सगळ्यात जास्त राग आला. माझा खरेपणाही त्याने सौद्यात घातला होता. पाहुण्यादेखत बहीण भावाला खाली बघायला लावणार नाही, अशी त्याची खात्री होती. आई दारात उभी होती. तिने मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. त्या खुणेवरून कळलं की तिलाही सगळं ठाऊक होतं. नारळ फोडला तेव्हासुद्धा ठाऊक होतं.

मला आबा आठवले. बैलाला ते सजवून न्यायचे, पण दोरी दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी त्याची खोड सांगायचे. हा डाव्या पायाने लंगडतो, हा मारका आहे. मी बरोबर असले की मनातल्या मनात देवाचा धावा करायची, खोड ऐकून गिऱ्हाईक पळू दे आणि आमचा बैल घरी येऊ दे.

"पहाटे धूर मारते," मी म्हणाले. "ऑईल खाते. आतून टकटक वाजते. आता वाजत नाय, कारण ह्याने तिला जाड ऑईल आणि औषध पाजलंय. ते काढा आणि मग ऐका. घाट चढताना तापतेसुद्धा. आणखी काय विचारायचंय?"

दादाचा चेहरा काळाठिक्कर पडला. व्यापारी हसला.

"ताई, मी परतच निघालो होतो. एवढी जुनी गाडी शिलाई मशीनसारखी चालते म्हटल्यावर मला भीतीच वाटली, आत काय लपवलंय देव जाणे. आता कळलं काय ते. एवढंच असेल तर इंजिनचं काम मी करून घेतो. घेतली गाडी."

तेव्हा मला बाकीचं आठवलं. आबांचा बैल बाजारातून घरी परत आलाच नव्हता, एकदाही नाही. ज्याने स्वतःच्या तोंडाने खोड सांगितली, त्याचा बैल लोक डोळे मिटून घ्यायचे.

व्यापारी दादाबरोबर व्यवहाराचं बोलायला ओटीवर बसला. उठताना दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्यामुळंच जमलं गो बाय," म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरोखरच खूश होता. मी तो हात झटकला.

रात्री जेवताना बाकीचं बाहेर आलं. दादाला मुंबईत मोठी खोली घ्यायची होती. आईला तो घेऊन जाणार होता, हे दिवाळीपासूनच ठरलेलं. "तू पण चल," वहिनी म्हणाली, "पोरांना बघायला कोणतरी पायजेच." म्हणजे माझीही सोय केलेली होती. मी आईला विचारलं, "आये, मना एका शब्दाने सांगितलं नायस?" आई ताटात बघून म्हणाली, "सांगितलं असतं तर तू दिली असतीस काय चावी?"

मी मुंबईला गेले नाही. गाडी नेली त्या दिवशी सीटखालचा सिंथेटिकचा न फोडलेला डबा मी काढून घेतला. तो अजून ओटीवर आहे. कोणाला देववत नाही आणि माझ्या तो उपयोगाचा नाही. आता मी दुसऱ्याच्या जीपने महाडला कामाला जाते. मागच्या बाकावर बसते आणि ऑईलबद्दल कोणालाही सल्ला देत नाही.

दादाचा फोन येतो. आवाज मऊ असतो. मी हो-नाही एवढंच बोलते.

परवा महाडच्या बाजारात रस्त्याच्या कडेने चालले होते. मागून हॉर्न वाजला, मी बाजूला झाले, एक जीप भाजीच्या जाळ्या घेऊन पुढे गेली. टकटक नाही, धूर नाही. व्यापाऱ्याने सांगितल्याप्रमाणे इंजिनचं काम केलं होतं आणि चांगलं केलं होतं. मी पिशवी सावरून चालायला लागले, तेव्हा पुढे वळणाऱ्या त्या गाडीच्या फाळक्यावर पिवळी अक्षरं दिसली. आबांचा आशीर्वाद. माझ्या अगदी जवळून गेली होती, आणि आवाजावरून मी तिला ओळखलंच नव्हतं.