खुराक

नातवानं आज प्रोटीनचा डबा उघडला आणि घरभर बदामाचा वास सुटला. मला दादा आठवला.

हैदराबाद राज्य फुटलं त्या वर्षी आदिलाबादच्या तालमीत दादा अंग कमावत होता. सकाळी भिजवलेले हरभरे आणि व्यायाम झाला की तूप घातलेलं बदामाचं दूध, याला आम्ही खुराक म्हणायचो. मग त्याला कावीळ झाली. दवाखान्यात मी सोबत गेले. हैदराबादेहून आलेल्या डॉक्टरनं औषधाच्या बाटलीवर खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि म्हणाला, "एक भी खुराक मत छोड़ना."

घरी येऊन मी तेवढंच सांगितलं, "माय, खुराक सोडू नोका म्हन्ते डॉक्टर."

मायनं दूध आणि तूप दुप्पट केलं. दादाला ओकाऱ्या व्हायच्या, तरी ती पेला त्याच्या ओठांना लावायची. कडू औषध त्याला नकोच होतं. "अंगात ताकद पायजे, औषध काय करते," म्हणायचा.

पंधरा दिवसांत तो गेला. बाटली जेमतेम दुसऱ्या खुणेपर्यंत उतरली होती.

डॉक्टरच्या उर्दूत खुराक म्हणजे औषधाचा एक डोस, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा माय होती. तिला मी सांगितलं नाही.