तीन कोटेशनांचे मारोतराव

मारोतराव कोथिंबिरीची जुडीसुद्धा तीन कोटेशनं घेतल्याशिवाय घेत नसत. गोरेगावच्या आठवडी बाजारात पिशवी काखेत मारून ते पहिल्या बाईला भाव विचारत, मग दुसरीला, मग तिसरीला, आणि मधल्या भावाची जुडी घेऊन घरी येत. तोवर ऊन चढलेलं असे आणि जुडीनं मान टाकलेली असे. बाजारातल्या बाया त्यांना ओळखून होत्या. ते दिसले की एखादी म्हणायची, "या अण्णा, माझा भाव ऐका अन् पुढच्या दोघीला इचारून या, मी हितंच हाय." यात कुणी आपली थट्टा करतंय असं मारोतरावांना कधी वाटलंच नाही. ते खरोखर पुढं जाऊन विचारून यायचे.

ही सवय त्यांना नोकरीनं लावली होती. पाटबंधारे खात्याच्या ज्या कार्यालयात मी कारकून होतो, तिथं ते भांडारपाल होते. खिळा घ्यायचा तरी तीन कोटेशनं, आणि घ्यायचं सगळ्यात स्वस्त, असा सरकारी नियम. त्या नियमानं आलेल्या बादल्यांच्या कड्या आठवड्यात हातात यायच्या आणि फावड्यांचे दांडे पहिल्याच पावसात फुगायचे. हे सगळं भांडारात मांडून ठेवायचं काम मारोतरावांचं. त्यातून त्यांनी स्वतःपुरता एक कायदा काढला होता. "सगळ्यात खालचं ते सरकारचं, सगळ्यात वरचं ते सावकाराचं. आपलं मधलं." पंखा, सायकल, छत्री, चष्म्याची काडी, सगळं त्या कायद्यानं घरात आलं होतं आणि खरं सांगायचं तर टिकलंही होतं.

त्यांच्या पत्नी शांताबाई स्वतःलाही त्याच यादीत धरायच्या. "तीन पोरी पाह्यल्या ह्यांनी. पयली लई गोरी होती, तिसरीचा बाप लई मोठा होता. मी मधली," असं त्या चहाचा कप पुढं ठेवता ठेवता पाहुण्यांना सांगत. मारोतराव मिशीत हसून म्हणायचे, "मग? तकरार हाय का काही?" शांताबाईंची तक्रार एकच होती, आणि तिच्यासाठीच मी हे लिहितो आहे.

मारोतराव तिघा भावांतले मधले. तिघांच्या चुली वेगळ्या झाल्या, शेत वाटलं गेलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. पण घरातल्या महालक्ष्म्या मात्र वाटता येत नाहीत. भादव्यात ज्येष्ठा-कनिष्ठा येतात त्या एकाच घरी. म्हणून तिघांनी त्यांचीही पाळी ठरवली होती. एक वर्ष थोरल्याकडे, पुढचं मारोतरावांकडे, त्याच्या पुढचं धाकट्याकडे. मुखवट्यांची पेटी डोक्यावर घेऊन एका घरून दुसऱ्या घरी वाजतगाजत न्यायची. पाळीचं वर्ष आलं की शांताबाई आखाडापासून घर सारवायला घ्यायच्या.

दरवेळी त्या चार बांबू बांधून त्यावर जरीच्या साड्या सोडायच्या आणि लक्ष्म्या बसवायच्या. हिंगोलीत कुणाच्या तरी घरी त्यांनी सागवानी मखर पाहिलं होतं. कोरीव जाळीचं, दोन्ही अंगांनी वेली चढलेल्या. तेव्हापासून त्यांच्या मनानं ते घेतलं होतं. मारोतरावांना सुतारकामाचा नाद. सेवानिवृत्त झाल्यावर रिकाम्या गोठ्यात त्यांनी लाकडी ओटा उभा केला आणि पाट, चौरंग, फडताळं करत बसू लागले. माझ्या घरातला देव्हाराही त्यांचाच. ते बायकोला म्हणाले, "पाळी येऊ दे, तुला मखर करून देतो." शांताबाईंनी लगेच मागणी नोंदवली, "मोर नका करू. मोर समद्यांकडंच असतात. मला वर दोन राघू पाहिजेत."

फळ्या आल्या. पण जाळी हातकरवतीनं कापायची म्हणजे बारीक पातं, आणि ते सागात वळवायला गेलं की तुटायचं. अशा कामाला मशीन असतं हे कुणीतरी सांगितलं, तसे आम्ही दोघं कनेरगाव नाक्यावरच्या एका सुताराकडे गेलो. स्क्रोल सॉ म्हणतात त्याला. शिवणयंत्रासारखंच, फक्त सुईच्या जागी केसाएवढं पातं वरखाली होतं आणि फळी आपण हातानं फिरवायची. मधलं नक्षीचं भोक काढायचं असेल तर आधी छिद्र पाडून पातं त्यातून ओवायचं. सुतारानं आमच्यादेखत एक कमळ कापून दिलं. मारोतराव ते कमळ हातात घेऊन बराच वेळ उन्हाकडे धरून पाहत होते. परतीच्या जीपमध्ये ते म्हणाले, "नामदेव, हे घ्याचंच. पण बराबर पाहून घ्याचं."

इथून ती निवड सुरू झाली. हिंगोलीतल्या दुकानात त्यांनी छोटं मशीन चालू करायला लावलं आणि त्याच्या पाटावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला. पाणी नाचून दुकानदाराच्या वहीवर सांडलं. "हे लाकूड कापतं का ताक घुसळतं?" असं विचारून मारोतराव बाहेर पडले. दुसरं मोठं, परदेशी, कारखान्यातलं. त्याचा भाव ऐकूनच त्यांनी हात जोडले. मग मधल्यांचा शोध. कुणाचा घसा, म्हणजे पात्यापासून मागच्या दांड्यापर्यंतचं अंतर, तोकडा, मखराची फळी फिरणारच नाही. कुणाचा वेग कमी-जास्त होत नाही. कुणाला दोन्ही टोकांना आडवी खुंटी असलेलीच पाती लागतात आणि ती फक्त मोठ्या शहरात मिळतात. "म्हैस कोणीबी इकंल, पेंड कोण देईल?" हा त्यांचा प्रश्न दुकानदारांना पाठ झाला होता.

नांदेडला जाऊन आलो, वाशीमला जाऊन आलो. मुलीनं मोबाईल घेऊन दिल्यावर तर जगातली सगळी मशीनं गोठ्यात आली. जेवण झालं की ते एकेक चित्रफीत लावून बसत, आवाज ऐकत, थरथर पाहत. एक मशीन ठरायचं. मग त्याच्यापेक्षा थोडं वरचं एखादं नवीन बाजारात यायचं, आणि काल मधलं असलेलं आज खालचं व्हायचं. "मधलं सरकलं की रे," असं ते मला सकाळी सकाळी चिंतेनं येऊन सांगत. मी एकदा वैतागून म्हणालो, "अण्णा, कोणतंही घ्या, मखर होतंय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोटेशनशिवाय धरण बांधायला सांगितलं होतं.

ते कंजूष नव्हते, आळशी तर मुळीच नव्हते. शांताबाईंच्या हौसेच्या वस्तूत खोट निघू नये, एवढाच त्यांचा ध्यास होता. "तिनं जन्मात एक चीज मागितली. ती लुळीपांगळी देऊ का?" असं ते म्हणत.

अशात पाळी आली. मशीन नव्हतं, मखर नव्हतं. शांताबाईंनी नेहमीप्रमाणे बांबू बांधले आणि साड्या सोडल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, "ह्यांचं मशीन येईस्तोवर माझ्या लक्ष्म्या म्हाताऱ्या होतील बगा!" सगळ्या हसल्या. ओसरीत बसलेले मारोतरावही हसले आणि मला म्हणाले, "आता धाकट्याची पाळी, मग थोरल्याची. लई टाइम हाय आपल्याकडं."

धाकट्याची पाळी झाली, थोरल्याची झाली. पुढच्या भादव्यात लक्ष्म्या पुन्हा मारोतरावांकडे येणार होत्या. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातच शांताबाई गेल्या. हापशावरून पाणी आणलं, हंडा उतरवला आणि छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून बसल्या. जीप मिळाली, हिंगोलीच्या वाटेलाही लागली, पण शांताबाई पोहोचल्या नाहीत. मारोतराव त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मला त्या दिवसाचं अजूनही वाईट वाटतं. त्यांच्यासारखी हसरी बाई आमच्या गल्लीत पुन्हा झाली नाही.

त्या वर्षी भावकीत सण झाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात वर्षश्राद्धाला सगळे जमले. जेवणं उरकल्यावर थोरल्या भावानं विषय काढला. वाईट हेतू नव्हता बिचाऱ्याचा. "मारोती, यंदा पाळी तुझी हाय, मला ठावं हाय. पन घरात बाई न्हाई आता. लक्ष्म्या कुणाच्या हातानं बसवाच्या? सोवळ्यात सैपाक कोण करंल?" कळमनुरीला दिलेली मारोतरावांची मुलगी डोळे पुसत म्हणाली, "म्या आले असते, पन आमच्या घरच्या लक्ष्म्या मलाच बसवाव्या लागतात." ती तरी काय करणार, तिचं सासर तिकडे. मारोतराव खाली पाहून बोटानं जमिनीवर रेघ ओढत होते. शेवटी म्हणाले, "बराबर हाय." आणि पाळी दोन घरांची झाली. मुखवट्यांची पेटी थोरल्याकडेच होती, म्हणून यंदाचा सण त्याच्याकडे ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर ते हिंगोलीच्या दुकानदाराशी फोनवर बोलत होते. दुकानदार उत्साहानं सांगत होता की तीन नवी मशीनं आली आहेत, त्यातलं एक खास तुमच्या पसंतीचं आहे. मारोतराव म्हणाले, "सांगू नका. दुकानात जे मांडलेलं हाय ते जीपमदी टाकून द्या." ओळखीत इतकी वर्षं गेली, पण मला त्या माणसाबद्दल भीती अशी त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. भावही न विचारता त्यांनी फोन ठेवला होता.

संध्याकाळी जीपवाल्यानं खोकं उतरवलं. उघडलं तर तेच निघालं, पाणी सांडवणारं छोटं मशीन. "परत पाठवू का?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाभळीचा एक जाड बुंधा होता, त्यावर सायकलच्या ट्यूबचे तुकडे अंथरले, मशीन वर ठेवून बोल्टांनी आवळलं आणि चालू केलं. थरथर पुष्कळ कमी झाली. घसा तोकडा पडला तिथं त्यांनी फळीचे दोन भाग करून सांधा वेलीच्या पानाखाली लपवला. पाती तुटली तर नवी लावली. श्रावण सरेपर्यंत गोठ्यातून त्या मशीनचा आवाज येत राहिला. जेवायला बोलवायला कुणी नव्हतं, म्हणून माझी बायको डबा पाठवायची, आणि बऱ्याचदा तो तसाच परत यायचा.

मखर झालं ते असं झालं की पाहणारा बोट तोंडात घालेल. वेली, कमळं, आणि वर समोरासमोर दोन राघू, चोचीत एकेक पेरू धरलेले. फक्त मारोतरावांनी माप धरलं होतं ते स्वतःच्या घराचं. कितीतरी वर्षं तेच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. थोरल्याचं घर जुनं, तुळई खाली. तिथं नेऊन उभं करायला गेलो तर राघूंची डोकी तुळईला अडकली. थोरल्याची बायको गयाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊजी, अंगणात मांडव टाकून बसवू." मारोतराव म्हणाले, "लक्ष्म्या घरात बसत्यात, वयनी." मग त्यांनी मखर आडवं केलं आणि खालचे पाय हातकरवतीनं कापले. राघूंना हात लावला नाही.

आता मारोतरावही नाहीत. दोन हिवाळे त्यांनी कसेबसे काढले. त्या दिवसांत बाजारातली कोथिंबीर ते पहिल्याच बाईकडून घेऊ लागले होते, आणि ती बाई मला एकदा हळूच म्हणाली होती, "अण्णाला बरं न्हाई का?" मशीन मुलीनं नेलं. मखर थोरल्याकडे आहे, पाळीपाळीनं धाकट्याकडे जातं.

मला मात्र पुन्हा पुन्हा आठवतो तो गयाबाईंच्या घरचा महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. पुरणाचा आणि आंबिलीचा वास सगळ्या घरात भरला होता. आत बायकांची दाटी. जी येईल ती आधी मखराला हात लावून पाहायची. कुणीतरी विचारलं, "राघू काहून केले वं? मोर करत असतात ना?" गयाबाई कुंकवाचा करंडा हातात धरून म्हणाली, "ते शांताचे हायेत. तिनं सांगून ठेवले होते." मारोतराव आणि मी ओसरीत बसलो होतो. आम्हाला सगळं ऐकू आलं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अण्णा, मशीन बाकी चांगलं निघालं."

"कोणतंबी चाललं असतं, नामदेव," ते म्हणाले. मग म्हणाले, "अन् मशीन काहून पाहिजे होतं? तिला म्या पुठ्ठ्याचे दोन राघू कापून देले असते ना, तरी ते तिनं साऱ्या गावाला दाखवले असते."

आत आरती सुरू झाली, तसे आम्ही दोघं उठून दाराशी उभे राहिलो.