स्लॅब मजबूत असल्याचा दाखला

ती केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. लिहिणं माझं काम नाही, पण लोक अजून तशीच घरं घेऊन राह्यले, म्हणून लिहितो.

देवळीत एका एसटी मेकॅनिकनं तयार घर घेतलं. वकिलाकडून कागद तपासले, महाराजाकडून वास्तू तपासली. हातावर नारळ धरणारा आणून बोअरचं पाणीही पाहिलं. राहिली फक्त घराची मजबुती. विकणारा म्हणाला, "माह्या इंजिनिअरचा दाखला देतो, काऊन खर्च करता?" यानं मानलं. तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघराच्या स्लॅबचा तुकडा बायकोच्या उजव्या हातावर पडला.

दोघं ठाण्यात आले. आमचे साहेब म्हणाले, "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." नवरा उठला. बाई उठली नाही.

"आज त्याच छताखाली पोरीले झोपवू का, साहेब? तुमीच सांगा."

माझं डोकं फिरलं. त्यांचा अर्ज मी चौकशीला मागून घेतला.

खबर चहाच्या टपरीवर मिळाली. घर रंगवणारा रंगारी म्हणाला, "जमादारसाहेब, स्लॅबच्या भेगाईत पुट्टी मीच भरली. इंजिनिअर तं गाडीतून उतरलाच नाई."

"मंग आजवर तोंड शिवलं होतं का?"

"कोणी पुसलंच नाई."

मी घर पाहून आलो. गच्चीवर जायला जिनाच नव्हता. रंगारी स्वतःची शिडी लावून चढला होता. आणि दाखल्यात लिहिलेलं, 'गच्चीवर जाऊन पाहणी केली, स्लॅब मजबूत.'

इंजिनिअरला बोलावलं, चहा पाजला. ओरडलं की माणूस सावध होतो, चहा दिला की बोलतो.

"गच्ची तुम्ही स्वतः पाहिली?"

"स्वतः."

"जिना कोणत्या बाजूनं?"

"उजवीकडून. लोखंडी आहे."

ते त्याच्याच हातानं लिहून घेतलं. मग त्याला त्या घरी नेलं आणि म्हटलं, "चढा."

त्यानं घराला दोन चकरा मारल्या. मग म्हणतो कसा, "सगळेच असे दाखले देतात हो!"

खिसेकापू निदान पळतो तरी. हा शिक्का मारून खुर्चीत बसला होता!

साहेबांना आता गुन्हा दाखल करावाच लागला. विकणारा आणि इंजिनिअर, दोघांवर फसवणुकीचा. मेकॅनिकचं बिऱ्हाड भावाकडे गेलं.

घरी सांगितलं तेव्हा माझी बायको म्हणाली होती, "वांगं किडकं हाय का, हे इकणाऱ्यालेच पुसते का कोणी?" ती जाऊन दोन वर्षं झाली. आता घरी येऊन सांगायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. कागद पाहा, वास्तू पाहा, माझी ना नाही. पण आधी छत आणि पाया पाहा. तो पाहणारा माणूस तुम्ही शोधा, पैसे तुम्ही द्या आणि तो पाहतो तोवर तिथून हलू नका.

गुन्हा दाखल झाला त्या दिवशी फिर्याद मी मेकॅनिकच्या बायकोला वाचून दाखवणार होतो. बाईनं कागद ओढून स्वतःच वाचला, माझ्या दोन चुका काढल्या. सहीला मात्र पेन धरता येईना. बारावी शिकलेल्या त्या बाईचा मी अंगठा घेतला.