खोली खाली

भुयारी रेल्वेचे स्थानक झाडणारी बाई दुपारचा डबा कुठे खाते? जयलक्ष्मी मुधोळकर यांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा बंगळुरातील अशा एका स्थानकावर मी लिहिलेला निबंध त्यांच्या टेबलावर होता. निबंधात छताची रचना होती, उजेडाची योजना होती, जुन्या बाजारपेठेखाली ते स्थानक कसे आले याचा इतिहास होता. उत्तर नव्हते. "सगळे असंच लिहितात," त्या वैतागून म्हणाल्या आणि निबंध बाजूला सारून त्यांनी चहा मागवला.

हुबळीत भुयारी रेल्वे नाही. तरीही त्या स्थानकाचे बरेचसे नकाशे गोकुळ रोडवरच्या एका कचेरीत काढले गेले. खालच्या मजल्यावर मोटारपंपांचा कारखाना आहे. बंगळुरातील सल्लागारांनी बारीक काम वाटून दिले होते, आणि जयलक्ष्मीबाई या कचेरीतल्या मुख्य आरेखक. धारवाडच्या मराठी घरात त्या वाढल्या, तंत्रनिकेतनात आरेखन शिकल्या, नोकरीची पहिली वर्षे त्यांनी पंपांचे भाग काढण्यात घालवली. आता हुबळीच्याच उणकल भागात राहतात. बोलणे पक्के हुबळीचे, वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपणारे.

ते स्थानक वरून खाली बांधत नेले होते. आधी बाजूच्या भिंती जमिनीत उतरवल्या, मग छत घालून वरचा रस्ता मोकळा केला आणि त्या छताखाली माती उपसत एकेक मजला साधला. वर तिकिटांचा मजला, त्याखाली फलाट. मूळ आराखड्यात सफाई करणाऱ्या बायकांची खोली तिकिटांच्या मजल्यावर होती. तिच्यात नळ, संडास आणि बसायला बाक. पुढे हवा खेळवणाऱ्या यंत्रांचा आकार वाढला आणि ती जागा यंत्रांना गेली. नकाशावर खोलीपुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडला. कुठे, हे कोणी लिहिले नव्हते.

"पंख्यांना चार खोल्या," जयलक्ष्मीबाईंनी कचेरीचे मालक सुमंतराव यांना सुनावले. "पंखे डबा खातात काय?"

"जयक्का, आपलं काम रेघा मारायचं."

"तेच म्हणते. कुठे मारू, सांगा."

कोणी सांगेना, तेव्हा जागा त्यांनीच शोधली. फलाटाच्या टोकाला, पंपांच्या खोलीला लागून एक मोकळा कोपरा होता. फलाट शहराच्या गटारापेक्षा खोल असल्याने सांडपाणी पंपानेच वर चढवावे लागते. पंप शेजारी असले की ती अडचण उरत नाही. अट एवढीच होती, की मधली भिंत ओतण्याआधी नळांसाठी भोके राखून ठेवावीत. बैठकांवर बैठका झाल्यावर सल्लागारांनी मान्यता दिली.

सुधारित नकाशा निघण्याआधीच श्रीवत्सचा फोन आला. हा बांधकामावरचा अभियंता, हुबळीचाच, घरी कन्नड बोलणारा, मराठीही येणारा. फलाटाच्या टोकाची भिंत ओतायला घेतोय, बायकांच्या खोलीचे काय ठरले, असे त्याने विचारले. बाईंनी कन्नडमध्ये उत्तर दिले, "आ खोली खाली इरली." त्यांच्या मनात होते: ती खोली खालीच, फलाटाच्या मजल्यावर असू दे. 'खोली' हा शब्द हुबळीच्या कन्नडमध्येही चालतो. 'खाली'ही चालतो, पण तिथे त्याचा अर्थ रिकामी. खालच्या बाजूला म्हणायचे तर 'केळग' म्हणावे लागते, आणि हा शब्द बाई लहानपणापासून रोज वापरत आल्या होत्या. नेमके त्या दिवशी तोंडात मराठी आले. श्रीवत्सने ऐकले ते असे: ती खोली रिकामी राहू दे. त्याने भिंत सलग ओतली.

नकाशा पोचल्यावर पुन्हा फोन झाला.

"श्रीवत्स, भोकं कुठे आहेत?"

"कसली भोकं, अक्का? नीव हेळिद्री, खोली खाली इरली अंत. असं तुम्हीच म्हणालात."

"अरे, खाली म्हणजे खाली!"

"हौद्री, खालीच ठेवलीय. आत एक खुर्चीसुद्धा नाही."

हे सांगताना बाईंना हसू येत नाही. ओतलेली भिंत पाडायची गरज नव्हती, पण तिला भोक पाडायलाही नव्याने मंजुरी हवी, आणि मंजुरीसाठी चूक कोणाची हे ठरायला हवे. सुमंतरावांनी बजावले, "गप्प बसा. चूक आपल्याकडे आली, तर पुढचं काम जाईल." बाई बंगळुरातल्या बैठकीला गेल्या आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "शब्द माझा चुकला. त्याची शिक्षा झाडणाऱ्या बायकांना का?" एका अधिकाऱ्याने सुचवले की बायकांनी प्रवाशांचे संडास वापरावेत. बसायचे कुठे, असे बाईंनी विचारले. "जिन्याखाली जागा आहे की," तो म्हणाला. बाईंनी नकाशा उलगडून जिन्याखाली बोट ठेवले. तिथे विजेच्या पेट्या होत्या.

मंजुरी लांबत गेली. मधल्या काळात खोलीत झाडू आणि बादल्या ठेवल्या गेल्या, दारावर 'भांडार' अशी पाटी लागली, आणि मग भांडारात संडास कशाला, असा नवा आक्षेप निघाला. सुमंतरावांनी बंगळुरूचे काम दुसऱ्या आरेखकाकडे सोपवले. जयलक्ष्मीबाईंकडे पुन्हा पंप आले. तरीही पाटी बदला, भोक पाडा, असे फोन त्या करत राहिल्या. श्रीवत्सही तिकडून अर्ज पुढे ढकलत राहिला. त्याच्याशी त्या या विषयावर आता फक्त मराठीत बोलत.

स्थानक २०१७च्या जूनमध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. फलाटाच्या टोकाच्या खोलीत नळ आणि संडास २०२०च्या जानेवारीमध्ये बसले.