लांब चोचीची कुपी

जुन्या बाजारात एका चादरीवर लांब चोचीची, पत्र्याची तेलाची कुपी दिसली आणि आई तिथेच उकिडवी बसली. कुपी उचलून तिने नाकाशी धरली.

आमच्या वाडीत मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या प्रत्येकाजवळ अशी कुपी असायची. कातरीच्या पात्यांमधल्या खिळ्यावर तेलाचे थेंब सोडले, की ती अलगद चालायची. सगळ्यांत हलका हात माझ्या वडिलांचा. थोरल्या चुलत्यांना तेच खुपायचं. एकदा भर कातरणीत वडिलांची कातर अडकली आणि मेंढीच्या कातड्यात घुसली. मेंढी वाचली, पण वडिलांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. घरी कुपी धुताना आईला तळाशी वाळू सापडली. कातर अडकली तेव्हा चुलते गालात हसत होते, ते तिने पाहिलंच होतं.

वडिलांनी ते सोडून दिलं. आईने मात्र पुढच्या कातरणीची वाट पाहिली आणि चुलत्यांच्या कुपीत काकवी भरली. सगळ्या वाडीसमोर त्यांची कातर लोकरीसकट चिकटून बसली. माणसं पोट धरून हसली.

आज दोघेही भाऊ नाहीत. माणसं गेली, की त्यांच्यावरचा राग कुठे जात असेल? क्षमा केली की मन हलकं होतं म्हणतात. पण कुपी हुंगताना आईचा चेहरा किती निवांत दिसत होता!

"आई, त्या काकवीचं कधी वाईट वाटतं का गं?"

"वाटतं की," ती म्हणाली. "जरा पातळच पडली."