फळ्यावरचं चौथं नाव

नव्वदच्या दशकात आमच्या जिल्ह्यात साक्षरतेची मोहीम आली आणि मला वेड लागलं. त्याला दुसरा शब्द नाही. बारावी होऊन मी पेठ वडगावात घरी बसले होते, घरचे स्थळं बघत होते, आणि मी सायकलवर टांग टाकून शेजारच्या खेड्यात बायकांना शिकवायला पळत होते. पगार शून्य. आई म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या भाजतीस. भाजत होते की! आणि काय मजा येत होती म्हणून सांगू.

वर्ग भरायचा दुपारी, एका गोठ्यालगतच्या पडवीत. बायका उसातलं तण काढून, भांगलण करून यायच्या, हाताची माती झटकायच्या आणि पाटी मांडीवर घ्यायच्या. त्यांत एक सून होती, माझ्याच वयाची. बघता बघता ती जोडाक्षरं वाचायला लागली. रस्त्यानं एसटी गेली तरी तिच्यावरची पाटी वाचून मोकळी. तिची सासूही वर्गात यायची, पण ती प्रत्येक अक्षराशी भांडायची आणि मग माझ्याशी. मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. आमची रोज जुंपायची.

अशात गावात बायकांची दूध संस्था निघाली. सकाळ-संध्याकाळ सभासदांची नावं पुकारून दूध मोजून घ्यायला माणूस हवं होतं, महिन्याच्या पगारावर. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी सांगून टाकलं, गावातली बाई वाचणारी निघाली तर बाई, नाहीतर अध्यक्षीणबाईंचा दहावी झालेला भाचा. त्या दिवशी सुनेनं मला गोठ्यामागं ओढून नेलं.

‘ही नोकरी मला पायजे,’ ती म्हणाली. ‘लोकाच्या उसात वाकून वाकून कंबर गेली माझी.’

तिच्या घरी एक म्हैस आणि नावाला जमीन. मला तर वाटलं, झालीच नोकरी. अहो, तिच्यापुढं तो भाचा म्हणजे काय! मी घरी जाताना सायकलवर मोठ्यानं गाणं म्हणत गेले, लोक वळून बघत होते.

उद्घाटनाला सारं गाव लोटलं. संस्थेच्या भिंतीवर पत्र्याचा नवा कोरा फळा, त्यावर सभासद बायकांची पूर्ण नावं रंगवलेली. साहेब म्हणाले, वाचा. सून उभी राहिली आणि तिनं पहिलं, दुसरं, तिसरं नाव असं खणखणीत वाचलं की माझ्या अंगावर काटा आला. मी शेजारणीचा हात इतका दाबला की ती कळवळली. आणि चौथ्या नावावर सून थांबली.

चौथं नाव तिच्या सासूचं. म्हणजे मधे सासऱ्याचं नाव आलं. आणि सासऱ्याचं नाव सून तोंडानं घेत नाही, जीव गेला तरी घेत नाही. त्यात सासरा मागच्या बाजूला फेटा बांधून बसलेला.

साहेबांना वाटलं, अडली. मी ताडकन उठले आणि तावातावानं सगळं समजावलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, रोज दोनदा नाव पुकारायचं आहे, मग काय खुणेनं पुकारणार? कुणीतरी सुचवलं, घरी सासूला हाक मारते तसं नुसतं आत्याबाई म्हणू दे. पण गावातल्या निम्म्या बायका कुणा ना कुणाच्या आत्याबाईच होत्या! साहेबांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच संताप आला. तिकडं भाच्यानं शर्टाची कॉलर नीट करायला घेतली. सून मान खाली घालून उभी, तिच्या डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात सासू उठली. फळ्यापाशी गेली, बोट लावलं आणि एकेक अक्षर फोडत स्वतःचं नाव वाचलं. मग नवऱ्याचं. मग आडनाव. उखाण्याशिवाय तिनं ते नाव जन्मात पहिल्यांदा घेतलं असेल. बायकांनी तोंडाला पदर लावले. सगळ्या माना सासऱ्याकडं वळल्या. तो खाली बघून तंबाखू मळत राहिला.

सासू सुनेकडं वळली. ‘मी घेतलं, मला काय झालं? आता तू वाच. न्हायतर जा उद्या भांगलायला.’

सुनेनं डोळे पुसले. सासरा उठून गेला तर सगळं संपलं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. तिनं सासूचं नाव वाचलं. सासऱ्याचं वाचलं, न अडखळता, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं. आडनाव वाचलं.

मग सासऱ्यानं तंबाखू झटकली, मान वर केली आणि शाळेत हजेरीला द्यावी तशी ‘ओ’ दिली. सून पाचव्या नावाकडं वळली.