शालूकाकीची मांडी

"शालूकाकी गेली," असा चुलतभावाचा फोन आला आणि मी विचारले, "खंय, शिरोड्याक?" काकीचे माहेर शिरोड्याचे, जत्रेचे निमित्त मिळाले की ती एसटीत बसलीच. बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला आता महिना होत आला.

काकी मालवणच्या बाजारात मासे विकायची. काका लवकर गेलेले, पोरबाळ नाही. पण वाडीत डोसाचा दिवस असला की बाजार बुडवून ती अंगणवाडीत हजर. पोलिओच्या थेंबांचे काही नाही, पण मांडीत सुई टोचायची म्हटली की आया तोंड फिरवून घेत. मग पोर धरायचे ते काकीनेच. जिच्या हातातून कधी सुरमई निसटली नाही, तिच्या हातून पोर काय निसटणार!

आमच्या चिऊच्या टोचणीला मी मोठ्या ऐटीत पुढे सरसावलो, सुई बघितली आणि भिंत धरली. नर्सबाई म्हणाल्या, "आधी बाबांना कुणीतरी बसवा." चिऊला हिने मांडीवर घेतले होते.

"हाड हकडे. तू भायर जा," चिऊला घ्यायला हात पुढे करत काकी तिला म्हणाली.

"मी धरतंय गो, काकी."

"आवशीन धरल्यान तर चेडू आवशीक भियातला. माका भियांदे. माजा काय जाता?"

पोरीने आईला भिण्यापेक्षा काकीला भ्यावे, असा तिचा हिशेब. काय जात होते ते पुढे दिसत गेले. वाडीतली पोरे चालायला लागली की काकीला बघून धूम ठोकायची. काकी जत्रेतून गुळाचे खाजे घेऊन यायची, मांडी घालून ओटीवर बसायची, हात पसरायची. चिऊ दाराआडून खाजे ओढून घ्यायची आणि गायब! "येतला, एक दिवस येतला," काकी म्हणायची आणि पुडी बांधायला लागायची. चिऊ मोठी झाली, भीती गेली, काकीशी तासन् तास गप्पाही मारू लागली... पण तोवर मांडीवर बसायचे वय सरले होते.

बाराव्याचे जेवण आटोपून आम्ही घरी आलो. ही पायरीवरच बसली. मग म्हणाली, "चेडू निजलेला असताना तरी, ओ... एकदा तिच्या मांडयेर ठेवक होया होता."